चष्म्यातला हिरवा ठिपका

“चष्मा काढून एक फोटो घेऊ या ना!”

हे वाक्य ज्या मुलीने आयुष्यात कधी ऐकलं नाही, तिला चष्मा नाही असं खुशाल समजावं. मी ते पहिल्यांदा ऐकलं सातवीत, वर्गाच्या फोटोच्या वेळी. मग कॉलेजच्या स्नेहसंमेलनात ऐकलं, मग ‘दाखवायच्या’ फोटोच्या वेळी आणि मग खुद्द लग्नात. दरवेळी मी निमूटपणे चष्मा काढला, मुठीत लपवला आणि जिकडून आवाज येत होता तिकडे तोंड करून हसले. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या सगळ्या महत्त्वाच्या फोटोंत मी कुणाकडे तरी मोठ्या प्रेमाने बघते आहे. पण कुणाकडे, ते मात्र मलाही ठाऊक नाही!

इतकी वर्षं मला याचं काही वाटलं नव्हतं. पण या संक्रांतीच्या आधी तेच वाक्य आमच्या धाकट्या नणंदेच्या वाट्याला आलं, आणि मग मात्र वाटायला लागलं.

नणंद बँकेत नोकरीला आहे. चौथीपासून चष्मा, आता नंबर उणे पाच. तिच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मोबाइलवरचे फोटो नकोत. नीट स्टुडिओत जाऊन काढा.” म्हणून आम्ही दोघी गेलो. मोरपंखी साडी, मोजके दागिने, केसांत अबोलीचा गजरा. पोरगी खरंच गोड दिसत होती. स्टुडिओवाल्याने समोर दोन मोठाले पांढरे दिवे लावले आणि फोटो काढला. पडद्यावर बघतो तो काय! चेहरा छान, हसू छान, आणि डोळ्यांच्या जागी दोन हिरवेगार चौकोन!

“चष्म्यात ग्रीन येतंय,” तो म्हणाला. “चष्मा काढा. नाहीतर आमच्याकडे बिनकाचांची फ्रेम आहे, ती घाला. सगळे तसंच करतात.”

आम्ही तीन फोटो घेऊन घरी आलो. एक हिरव्या चौकोनांचा, एक बिनचष्म्याचा आणि एक बिनकाचांच्या फ्रेमचा. सासूबाईंनी तिन्ही निरखून पाहिले आणि बिनचष्म्याचा बाजूला काढला.

“चष्म्याला माझी ना नाही गं,” त्या म्हणाल्या, “पण ते हिरवं काय? बघणाऱ्याला वाटेल, पोरीच्या डोळ्यांतच काही दोष आहे. आणि मला विचाराल तर दुकानदाराने तुमच्या गळ्यात हलकी काच मारली आहे. माझ्या चष्म्यात कधी आलंय का हिरवं?”

नणंद काही बोलली नाही. रात्री ओट्याशी मी भांडी आवरत होते तेव्हा हळूच येऊन उभी राहिली.

“वहिनी, त्या फोटोत मी नाहीच आहे,” ती म्हणाली. “उद्या कुणीतरी तो फोटो बघून येणार आणि समोर ही चष्मेवाली बघून त्याचा चेहरा पडणार. तो पडलेला चेहरा मला बघायचा नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि चष्मा काढून बसले तर तो मला दिसणारही नाही!”

आम्ही दोघी हसलो. पण हसता हसता मला माझाच बघण्याचा कार्यक्रम आठवला. आईने आतच चष्मा काढून घेतला होता. पोह्यांचा ट्रे घेऊन मी बाहेर आले तेव्हा मला एवढंच कळलं की फिकट निळा शर्ट तो मुलगा असावा. पहिली बशी मी भलत्याच गृहस्थांपुढे धरली. नंतर गच्चीत दोघांना बोलायला पाठवलं, तेव्हा धीर करून मी यांना सांगून टाकलं, “मला चष्मा आहे. आईने काढायला लावला.” हे म्हणाले, “मग आता घाला की. मी कसा दिसतो ते बघून नकार द्यायचा असेल तर आत्ताच द्या.” मी ओढणीच्या गाठीतून चष्मा काढला आणि घातला. नकार दिला नाही, हे उघडच आहे! पण सगळ्याच मुलींच्या नशिबी अशी गच्ची नसते. आणि मुळात चष्मा ओढणीत का बांधावा लागावा, हा प्रश्न इतक्या वर्षांनी त्या रात्री मला पडला.

मनाशी ठरवलं, की आधी त्या हिरव्या रंगाचा छडा लावायचा. काच खरोखरच हलकी असेल तर बदलून घेऊ. नसेल, तर सासूबाईंना तसं पटवता येईल.

दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या विज्ञानाच्या बाईंना विचारलं. (मी दुपारच्या वर्गांना मराठी शिकवते, विज्ञानाशी माझी ओळख दहावीपर्यंतचीच.) त्या म्हणाल्या, “मी सांगण्यापेक्षा आधी घरातले सगळे चष्मे गोळा करा, ट्यूबलाइटखाली धरा आणि काय दिसतं ते मला येऊन सांगा.” शेवटी बाईच त्या, गृहपाठ दिल्याशिवाय सोडतील कशा!

रात्री जेवणाच्या टेबलावर चष्म्यांचं प्रदर्शन मांडलं. सासूबाईंचा जुना जाड काचांचा चष्मा ट्यूबखाली धरला, तर त्यात ट्यूबची लख्ख पांढरी प्रतिमा दिसली. एक नाही, दोन. काचेच्या पुढच्या बाजूवरून एक आणि मागच्या बाजूवरून एक. नणंदेच्या चष्म्यातही दोन दिसल्या, पण अगदी मंद आणि हिरवट. यांच्या नव्या चष्म्यात त्या निळसर-जांभळ्या दिसल्या. चष्मा जरा तिरपा केला की रंगही जरासा बदलायचा. मग मी सासूबाईंचे जुने फोटो काढले. त्यांच्या चष्म्यात हिरवं नव्हतंच. पण पांढरे शुभ्र चट्टे मात्र होते, अर्धा डोळा झाकणारे! पांढऱ्याला आपण ‘चकाकी’ म्हणून सोडून देतो आणि हिरवं दिसलं की दोष समजतो. चट्टे बघून सासूबाईही जरा गप्प झाल्या.

गृहपाठ तपासून झाल्यावर बाईंनी जे सांगितलं, ते मला समजलं तसं सांगते.

कोणतीही काच सगळा प्रकाश आत घेत नाही. साध्या काचेवर शंभर भाग प्रकाश पडला, तर पुढच्या बाजूवरून सुमारे चार भाग परत फिरतात आणि मागच्या बाजूवरून आणखी सुमारे चार. जास्त नंबराच्या लोकांना काच जाड दिसू नये म्हणून खास पातळ काच देतात. तिच्यावरून तर बाराच्या आसपास भाग परत फिरू शकतात. म्हणजे घालणाऱ्याला तेवढं कमी दिसतं आणि बघणाऱ्याला तेवढी चकाकी जास्त दिसते. हे टाळण्यासाठी काचेच्या दोन्ही बाजूंना अतिशय पातळ थर देतात. किती पातळ? एक मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा! निर्वात पेटीत पदार्थ तापवून त्याची वाफ काचेवर बसवली जाते. दुकानात ज्याला नुसतं ‘कोटिंग’ म्हणतात ते हेच.

आता हा थर करतो काय? प्रकाश लाटांसारखा येतो. काही प्रकाश थराच्या वरच्या पृष्ठावरून परत फिरतो आणि काही थराच्या तळापर्यंत जाऊन परत येतो. तळाशी जाऊन येणाऱ्याला वाट थोडी लांब पडते, म्हणून तो किंचित मागे राहतो. थराची जाडी अशी बेतलेली असते की तो बरोबर अर्धी लाट मागे राहावा. मग एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार एकाच वेळी येतात आणि दोघांचा मेळ शून्य होतो. नागपंचमीला झोपाळा आपल्याकडे येत असताना कुणी उलट ढकलला की तो जागच्या जागी थबकतो ना, तसंच. आणि म्हणून प्रकाश कुठे हरवत नाही. जो परत फिरायचा, तो काचेतून पुढे डोळ्यांपर्यंत जातो.

मात्र प्रत्येक रंगाची लाट सारख्या लांबीची नसते. तांबड्याची लांब, निळ्याची आखूड. एकाच थराची जाडी सगळ्यांना नेमकी कशी बसणार? म्हणून मधल्या, हिरव्या-पिवळ्या रंगाला धरून ती बेततात, कारण आपल्या डोळ्यांना तोच भाग सर्वांत जास्त जाणवतो. मग दोन टोकांचे तांबडा आणि निळा थोडे थोडे शिल्लक राहतात, आणि एकाच थराच्या काचेवर जांभळट झाक दिसते. हल्ली एकावर एक अनेक थर देतात. त्यामुळे जवळजवळ सगळेच रंग आत जातात आणि शंभरातला एखादाच भाग बाहेर उरतो, कधी त्याहूनही कमी. त्या उरलेल्याला कुठला तरी रंग असणारच. पुष्कळ कारखाने तो हिरवट ठेवतात. पोरं उडवतात त्या साबणाच्या फुग्यावरचे रंग आणि पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावरचे रंग, हे सगळे याच नात्यातले.

मला एकदम आपली चहाची गाळणी डोळ्यांपुढे आली. गाळणीत चोथा दिसतो म्हणून चहा वाया गेला असं कोणी म्हणतं का? चहा कपात गेलेला असतो, वर दिसतो तो उरलेला चमचाभर चोथा. चष्म्यातला हिरवा ठिपका हाही तसाच. बाकी सगळा प्रकाश आत गेला, एवढाच काय तो बाहेर राहिला, याची ती खूण. म्हणजे काच हलकी नव्हतीच, उलट चांगली होती!

बाईंनी जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. जर्मनीतल्या झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये असे निर्वातातले थर द्यायची पद्धत काढली. आणि तीनच वर्षांनी, १९३८ मध्ये, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत एका बाईने स्वतंत्रपणे न चकाकणारी काच करून दाखवली. तिचं नाव कॅथरिन ब्लॉजेट. केंब्रिज विद्यापीठातून पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी ती पहिली स्त्री, १९२६ सालची. तिने काचेवर साबणाच्याच कुळातल्या एका पदार्थाचे चव्वेचाळीस थर चढवले होते, प्रत्येक थर फक्त एका रेणूच्या जाडीचा. तो लेप पुसला जाई, म्हणून पुढे टिकाऊ थर आले ही गोष्ट वेगळी. पण रोज साबणाच्या फेसात हात घालणाऱ्या आपल्यासारख्यांना तिचा अभिमान वाटायला काय हरकत आहे?

एक शंका मात्र उरली होती. हा रंग एरवी समोरासमोर का खुपत नाही, आणि फोटोतच का दिसतो? नणंदेशी मी रोज बोलते. तिच्या डोळ्यांत मला कधी चौकोन दिसले नाहीत. बाई म्हणाल्या, “दिसतात, पण तुम्ही बघत नाही.” आपण बोलताना मान हलते, दोन डोळे दोन जागांवरून बघत असतात, आणि मन माणसाच्या नजरेकडे असतं, ठिपका आला तरी क्षणात सरकतो. कॅमेऱ्याला डोळा एकच, आणि तो एकच क्षण धरून ठेवतो. त्यातून समोरचा दिवा इतका प्रखर असतो की त्याचा शंभरावा भागही काळ्या बुबुळावर उठून दिसतो. शिवाय चष्म्याची काच पुढून फुगीर असते, त्यामुळे समोरची निम्मी खोली तिच्यात मावते. दिवा चौकोनी तर चौकोन, खिडकी असेल तर खिडकी, आणि मोबाइलवर बोलताना गोल दिवा लावला तर प्रत्येक डोळ्यात एक बांगडी!

म्हणजे गोष्ट सरळ होती. चष्मा काढायचा नव्हता, दिवा हलवायचा होता. भिंतीवर टाकलेला चेंडू ज्या कोनात जातो त्याच कोनात परत येतो, तसाच प्रकाशही. दिवा कॅमेऱ्याच्या शेजारी असला की तो परत कॅमेऱ्यातच येणार. तो बाजूला आणि उंच नेला की परतणारा प्रकाश भलतीकडे जातो.

रविवारी सकाळी घरीच फोटो काढायचं ठरलं. नणंदेला बसवलं खिडकीच्या कडेला, उजेड एका बाजूने येईल असं. फ्लॅश बंद. हनुवटी केसभर खाली. चष्म्याच्या काड्या कानांवर जरा उचलून ठेवल्या, म्हणजे काचा खालच्या अंगाला किंचित कलतात. तरीही काचेत हिरवट काहीतरी दिसतच होतं. बघितलं तर ती यांच्या पाठीमागची पांढरी भिंत! आता भिंत कुठे हलवणार? तेवढ्यात सासूबाई आत गेल्या आणि संक्रांतीसाठी काढून ठेवलेली त्यांची काळी चंद्रकळा घेऊन आल्या. “काळ्यात काही चकाकायचं नाही,” म्हणाल्या. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. हे मध्ये कॅमेरा घेऊन उभे, आणि मागे आम्ही दोघी सासवा-सुना साडी ताणून!

“अगं, अंतरपाटच धरलाय आपण,” सासूबाई म्हणाल्या, आणि नणंद अशी काही खुदकन हसली की ह्यांनी नेमका तोच क्षण टिपला.

या सगळ्या खटाटोपातून आणि नंतर चष्म्याच्या दुकानातल्या काकांशी झालेल्या गप्पांतून चार उपयोगाच्या गोष्टी कळल्या, त्याही सांगून टाकते. कोटिंगची काच पदराने पुसू नका. धुळीच्या कणांनी बारीक ओरखडे पडतात. साध्या गार पाण्याखाली धरून सौम्य साबणाचा एक थेंब लावा, धुवा आणि मऊ स्वच्छ कापडाने टिपा. बोटाचे तेलकट ठसे या काचेवर जास्त उठून दिसतात, म्हणून फोटोआधी तर हे कराच. गरम पाणी, शेगडीची कड आणि उन्हात उभ्या असलेल्या गाडीचा पुढचा भाग, या तीन जागा चष्म्याच्या शत्रू. उष्णतेने थराला बारीक तडे जातात. निळी झाक असलेल्या काचा निळा प्रकाश मुद्दाम थोडा परतवतात. कॉम्प्युटरपुढे डोळे थकू नयेत म्हणून त्या ज्यादा पैसे देऊन घेणार असाल तर थोडा विचार करा. १७ चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेनच्या २०२३ मधल्या आढाव्यात, निदान थोड्या काळात तरी, त्यांनी थकवा कमी होतो असं दिसून आलं नाही. आमच्या ह्यांनी ते ऐकून मुकाट्याने विषय बदलला! आणि सरकारी फोटोंची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या व्हिसासाठी २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्म्याचा फोटो सहसा चालतच नाही. तिथे नियम म्हणून काढावा लागतो, तो काढावा. पण घरच्या, लग्नाच्या, शाळेच्या फोटोंना असा कुठला नियम आहे?

त्या रविवारचा फोटो आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. चष्मा होता, आणि चष्म्याआड तिचे दोन्ही डोळे स्वच्छ दिसत होते, हसणारे. फक्त डाव्या काचेच्या अगदी कोपऱ्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा हिरवा ठिपका राहिला होता.

“तेवढा मी मोबाइलवर पुसून टाकतो,” हे म्हणाले.

नणंद काही म्हणायच्या आतच सासूबाई म्हणाल्या, “नको, राहू दे. तीट लावल्यासारखी दिसतेय.”

तोच फोटो आता स्थळांकडे जातो. काही ठिकाणांहून उत्तर येत नाही, काही ठिकाणांहून येतं. पण आमची पोरगी आता चष्मा घालूनच बाहेर येते, आणि आलेल्या माणसाला नीट बघून घेते.